नाव एक, पत्ते दोन

सी भाषा शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत ग्लोबल व्हेरिएबलची ओळख अर्ध्या पानात उरकलेली असते. फंक्शनांच्या बाहेर लिहा, सगळ्यांना दिसेल. दुसऱ्या फाइलमधून हवे असेल तर आधी 'एक्स्टर्न' लावा. आणि शक्यतो वापरूच नका. तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण त्यांच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते, ते असे की प्रोग्राम म्हणजे एकच फाइल, ती एकदा जोडली की जोडली. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे ज्या टर्बो सीवर ही भाषा शिकवली गेली, तिथे हे गृहीतक खरेच होते. डॉसवर चालणारी एक एक्झी फाइल, आणि सगळा संसार तिच्यातच. आज लिनक्सवर साधा 'एलएस' चालवला तरी त्याच्यापाठोपाठ दोन-तीन लायब्रऱ्या मेमरीत येऊन बसतात, आणि त्या प्रत्येकीची स्वतःची ग्लोबल व्हेरिएबल्स असतात. ती एकमेकींना कशी दिसतात, केव्हा एक होतात आणि केव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसताना दोन होतात, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो चांगल्या जाणत्या लोकांतही भेटतो. लायब्ररी 'शेअर्ड' आहे म्हणजे तिच्यातली व्हेरिएबल्स ती वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांत मिळून एकच असतात, असे नाही. सामाईक असतो तो कोड. सी लायब्ररीतल्या सूचना मेमरीत एकदाच येतात आणि चालू असलेल्या सगळ्या प्रोसेस त्याच वाचतात. डेटाचे तसे नाही. एखाद्या प्रोसेसने डेटाच्या पानावर पहिल्यांदा काही लिहिले की कर्नेल त्या पानाची वेगळी प्रत तिच्यापुरती काढून देते. तुमच्या प्रोग्रामने बदललेला आकडा शेजारच्या प्रोग्रामला दिसत नाही. सोळा बिटांच्या विंडोजमध्ये मात्र तो दिसत असे. तिथे डीएलएलचा डेटा सगळ्या प्रोग्रामांत मिळून एकच होता. ३२ बिटांच्या विंडोजने ती पद्धत मोडली. दोन प्रोसेसमध्ये खरोखर काही वाटून घ्यायचे असेल तर त्यासाठी शेअर्ड मेमरी नावाची निराळी सोय आहे आणि तो निराळा विषय आहे. इथे बोलायचे आहे ते एकाच प्रोसेसच्या आत, मुख्य प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्या यांच्यातल्या व्यवहाराबद्दल.

या व्यवहाराबद्दल सी भाषेचे मानक काय म्हणते? जवळजवळ काहीच नाही. बाहेरून दिसणाऱ्या आणि प्रत्यक्ष वापरलेल्या प्रत्येक नावाची सगळ्या प्रोग्रामभर एकच व्याख्या असावी, एवढे ते बजावते. पण 'सगळा प्रोग्राम' म्हणजे काय? चालू असताना मध्येच उघडलेली लायब्ररी त्यात धरायची की नाही? याबद्दल मानक गप्प आहे. त्यामुळे हा निवाडा कंपायलर, लिंकर, लोडर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यावर येऊन पडला, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने तो केला. ग्लोबल व्हेरिएबल 'एकच' असते हे वचन भाषेने दिलेले आहे, पण ते पाळणारे भाषेबाहेरचे आहेत. माझ्या मते या विषयातल्या सगळ्या गुंत्याचे मूळ इथे आहे.

डायनॅमिक लिंकिंगची कल्पना सीपेक्षा जुनी आहे; १९६० च्या दशकातल्या मल्टिक्समध्ये ती होती. युनिक्समध्ये ती नीट रुजली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सनओएस ४.० आणि मागोमाग सिस्टिम फाइव्ह रिलीज ४ यांच्याबरोबर. ईएलएफ हा फाइलींचा साचा या दुसऱ्या घराण्यातला. लिनक्सने सुरुवातीला ए-आउट साच्यातल्या लायब्रऱ्या चालवल्या. त्यात प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला पत्ता आधीच नेमून द्यावा लागे, आणि दोघींनी एकच जागा मागितली की पंचाईत. १९९५ च्या सुमारास लिनक्सही ईएलएफकडे वळला.

ही नवी व्यवस्था आखणाऱ्यांपुढे एक मोठी अट होती. जे प्रोग्राम तोवर स्थिर लायब्रऱ्यांशी जोडले जात होते, ते नव्या लायब्रऱ्यांशी जोडल्यावरही तसेच वागले पाहिजेत. स्थिर जोडणीत प्रोग्रामने स्वतःचे 'मॅलॉक' लिहिले तर सी लायब्ररीसुद्धा तेच वापरते; मग नव्या व्यवस्थेतही तसेच व्हायला हवे. त्यातून ईएलएफचा तो प्रसिद्ध नियम आला. नाव शोधताना लोडर आधी मुख्य प्रोग्राम पाहतो, मग एकेक लायब्ररी रांगेने, आणि जिथे ते नाव पहिल्यांदा सापडेल ती व्याख्या सगळ्यांनी मानायची. लायब्ररीत तेच नाव स्वतःचे असले तरी तिने आपले सोडून रांगेत पुढे असलेल्याचे वापरायचे. फंक्शनांच्या बाबतीत हा नियम फार उपयोगी पडला. व्हेरिएबल्सच्या बाबतीत त्याने जे घडवले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

समजा एका लायब्ररीत 'मोजणी' नावाचे इंट आहे, त्याची सुरुवातीची किंमत ५, आणि ते एकाने वाढवणारे 'वाढव' हे फंक्शन. मुख्य प्रोग्राममध्ये फक्त एक्स्टर्नची घोषणा आहे. ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी यंत्रावर, जीसीसीने, नेहमीच्या पद्धतीने दोन्ही बांधा आणि ऑब्जडंपने आतल्या सूचना पाहा. 'वाढव'मध्ये दोन पायऱ्या दिसतील. आधी ग्लोबल ऑफसेट टेबल नावाच्या तक्त्यातून मोजणीचा पत्ता काढला जातो, मग त्या पत्त्यावर जाऊन आकडा वाढवला जातो. मोजणी ज्या लायब्ररीत लिहिलेली आहे त्याच लायब्ररीला तिचा पत्ता तक्त्यात बघून घ्यावा लागतो! कारण वरचा नियम: रांगेत पुढे कुणी दुसरी मोजणी घेऊन उभा असेल तर ती मानायची आहे.

मुख्य प्रोग्राममध्ये मात्र एकच सूचना दिसेल, थेट मोजणीवर बोट ठेवणारी. ती फाइल कंपाइल होताना कंपायलरला ठाऊक नसते की मोजणी शेजारच्या फाइलमध्ये आहे की दूरच्या लायब्ररीत. तो धरून चालतो की आपल्याच प्रोग्राममध्ये असेल. लिंकरला कळते की तसे नाही, पण तोवर सूचना लिहून झालेल्या असतात. मग लिंकर एक युक्ती करतो. तो प्रोग्राममध्येच चार बाइट रिकामे राखतो, त्यांना मोजणी हे नाव देतो आणि लोडरसाठी फाइलमध्ये एक हुकूम लिहून ठेवतो. प्रोग्राम सुरू होताना लोडर लायब्ररीतले ५ उचलून या नव्या जागेत उतरवतो आणि लायब्ररीच्या तक्त्यातही हाच पत्ता भरतो. याला कॉपी रिलोकेशन म्हणतात. लायब्ररीतले मूळचे चार बाइट जागच्या जागी राहतात, त्यांत ५ तसेच असते, पण तिकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. सातबाऱ्यावर नाव लायब्ररीचे आणि वहिवाट प्रोग्रामची, असा हा प्रकार आहे.

हे पुस्तकी उदाहरण नाही. 'एसटीडीआउट' वापरणारा कुठलाही छोटा प्रोग्राम याच यंत्रावर याच पद्धतीने बांधा आणि 'एनएम' या साधनाने त्याची डायनॅमिक नावे पाहा. एसटीडीआउटपुढे मोठ्या लिपीतले 'बी' हे अक्षर असेल, म्हणजे त्याची जागा या प्रोग्राममध्येच आहे. ज्या पॉइंटरला आपण आयुष्यभर सी लायब्ररीचा समजत आलो तो राहतो आपल्याकडे.

जागा कुठे आहे याने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते मापामुळे. किती बाइट राखायचे हे लिंकर जोडणीच्या दिवशी ठरवतो आणि तो आकडा प्रोग्रामच्या फाइलमध्ये कायमचा बसतो. उद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि त्या व्हेरिएबलचे माप वाढले तर? ग्नू सी लायब्ररीला हा प्रश्न 'सिस-एररलिस्ट'ने वर्षानुवर्षे छळला. त्रुटी क्रमांकावरून तिचा इंग्रजी मजकूर देणारा हा एक ॲरे होता आणि प्रोग्राम तो थेट वाचत. कर्नेलमध्ये नव्या त्रुटी येत गेल्या तसा ॲरे लांबत गेला. जुन्या प्रोग्रामने मात्र जुन्या लांबीएवढीच जागा राखलेली. लोडर अशा वेळी दोन मापांतले लहान तेवढेच उतरवतो आणि माप जुळत नाही, प्रोग्राम पुन्हा जोडून पाहा, असा इशारा छापतो. पण मघाचा नियम आठवा: लायब्ररीलाही आता प्रोग्रामकडचा आखूडच ॲरे मानायचा आहे, आणि तिला तर तो लांब असल्याची खात्री आहे. ही आपत्ती टाळण्यासाठी या एका ॲरेच्या निरनिराळ्या लांबीच्या आवृत्त्या, प्रत्येकीवर आवृत्तीची चिठ्ठी लावून, लायब्ररीत सांभाळाव्या लागल्या. शेवटी २०२० मध्ये आलेल्या २.३२ या आवृत्तीत नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रोग्रामांसाठी हे नाव बंदच केले गेले. त्याचे काम 'स्ट्रएरर' हे फंक्शन आधीपासून करतच होते. आपल्या लायब्ररीतले एखादे व्हेरिएबल बाहेर दाखवले की त्याचे नाव, प्रकार आणि माप या तिन्ही गोष्टी कराराच्या कागदावर चढतात. नाव आणि प्रकार लोकांच्या लक्षात असतात, माप विसरले जाते.

आता दुसरी बाजू: एक असायला हवे ते दोन होणे. प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ खाणारा प्रकार हाच. एक मुख्य प्रोग्राम आहे, तो चालू असताना प्लगइन उघडतो, आणि दोघेही नोंदी लिहिण्यासाठी एकच स्थिर लायब्ररी वापरतात. तिच्यात 'नोंदपातळी' हे ग्लोबल आहे. प्रोग्राम सुरुवातीला ती पातळी ३ करतो. प्लगइनच्या नोंदी मात्र उमटतच नाहीत. तिथे पातळी अजून शून्यच. कोड पुन्हा पुन्हा वाचून काही हाती लागत नाही, कारण कोडमध्ये चूक नाहीच. दोन्हीकडून त्या व्हेरिएबलचा पत्ता छापून पाहा. लिनक्सवर बहुधा एक पत्ता ५५ ने सुरू होणारा निघेल, म्हणजे मुख्य प्रोग्राममधला, आणि दुसरा ७एफ ने, म्हणजे लायब्रऱ्यांच्या वस्तीतला. स्थिर लायब्ररी दोन्हीकडे जोडली गेल्याने तिच्या दोन प्रती आल्या. आणि मुख्य प्रोग्राम आपली सगळी नावे बाहेर दाखवत नाही. जोडणीच्या वेळी समोर असलेल्या लायब्रऱ्यांना जी लागतात तेवढीच दाखवतो. प्लगइन तेव्हा समोर नव्हताच. जोडताना जीसीसीला 'आर-डायनॅमिक' हा पर्याय दिला की नावे उघडी होतात, रांगेत प्रोग्राम पहिला असल्याने प्लगइनला त्याची नोंदपातळी सापडते आणि दोन्ही पत्ते जुळतात. पर्याय एक, शब्द एक. तो ठाऊक नसला की दिवस जातो.

याच जागी, प्लगइन उघडणाऱ्या 'डीएलओपन' या फंक्शनला दिलेला झेंडाही बघावा लागतो. 'लोकल' म्हणून उघडलेले दोन प्लगइन आपापली प्रत वापरतात. 'ग्लोबल' म्हणून उघडले तर दुसरा पहिल्याची प्रत धरतो. म्हणजे तोच कोड, तेच प्लगइन, आणि व्हेरिएबल एक की दोन हे उघडण्याच्या पद्धतीवर आणि क्रमावर ठरणार. अशा पायावर काही उभारू नये असे मला वाटते.

लायब्ररी बांधताना वेगासाठी 'बी-सिम्बॉलिक' हा पर्याय देणारेही असतात. त्याने लायब्ररी तक्त्यात दुसऱ्या कुणाला शोधत नाही, स्वतःचीच व्याख्या धरते. फंक्शनांना हे छान चालते. पण तिच्या एखाद्या व्हेरिएबलची प्रोग्रामने कॉपी रिलोकेशनने प्रत घेतली असेल, तर प्रोग्राम प्रतीत लिहितो आणि लायब्ररी मूळ जागेत वाचत बसते. 'प्रोटेक्टेड' नावाच्या दृश्यतेतही हीच मेख आहे. क्यूटी ५ च्या हेडर फाइली प्रोग्राम स्थान-निरपेक्ष पद्धतीने बांधलेला नसेल तर काही मांडण्यांत कंपाइलच व्हायला नकार देतात, तो याच भीतीने.

उलटा अपघातही होतो: दोन असायला हवे ते एक होणे. दोन लायब्रऱ्यांच्या लेखकांनी, एकमेकांना न ओळखता, आपल्या व्हेरिएबलला 'डीबग' हे नाव दिले आणि 'स्टॅटिक' लिहायचे राहून गेले. लोडर पहिला सापडलेला दोघांना देतो. एकात तो इंट आणि दुसऱ्यात अक्षरांचा ॲरे असला तरी कुणी हटकत नाही, कारण लिंकरला नावे कळतात, सीमधले प्रकार कळत नाहीत. एकाच प्रोग्रामच्या फाइलींमध्ये हाच खेळ आणखी सोपा होता. हेडर फाइलमध्ये एक्स्टर्न न लावता नुसते इंट आणि नाव लिहिले तरी जीसीसी त्या सगळ्या व्याख्या मुकाट्याने एक करत असे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने ही सवलत आपणहून देणे बंद केले, आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट बांधले जाणारे कितीतरी जुने प्रकल्प त्या दिवसापासून एकाच नावाच्या अनेक व्याख्यांची तक्रार करत अडले. तक्रार रास्त होती.

विंडोजचा मार्ग वेगळा आहे आणि तो मला या एका बाबतीत अधिक सरळ वाटतो. तिथे नावांची सामाईक रांग नाही. कुठले नाव कुठल्या डीएलएलमधून घ्यायचे हे प्रोग्राममध्ये लिहिलेले असते, आणि डीएलएलही आपले जे बाहेर दाखवायचे ते 'डीएलएल-एक्स्पोर्ट' लिहून स्पष्ट सांगते. वापरणाऱ्याने घोषणेवर 'डीएलएल-इंपोर्ट' लिहायचे. फंक्शनसाठी ते विसरले तरी लिंकर मध्ये एक छोटी उडी घालून वेळ मारून नेतो. व्हेरिएबलला अशी उडी घालता येत नाही, म्हणून तिथे ते लिहावेच लागते. मग कंपायलर पॉइंटरमधून जाणारा कोड काढतो. लिनक्सवरून आलेला माणूस इथे हमखास अडखळतो. त्याने एखाद्या स्टॅटिक तक्त्यात दुसऱ्या डीएलएलमधल्या व्हेरिएबलचा पत्ता भरलेला असतो आणि मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर म्हणतो, ही किंमत स्थिर नाही. मॅकवर २००१ च्या १०.१ पासून नावाबरोबर लायब्ररीचेही नाव नोंदवण्याची दुपदरी पद्धत आहे. तीही विंडोजच्या जवळ जाणारी.

या सगळ्यात वयाने ज्येष्ठ ग्लोबल म्हणजे 'एररनो'. एके काळी तो खराच इंट होता. थ्रेड आल्यावर एकच इंट सगळ्या थ्रेडना पुरेना, आणि तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा झाला. आज ग्नू सी लायब्ररीत एररनो हा मॅक्रो आहे. त्यामागे पत्ता परत करणारे एक फंक्शन आहे. ज्यांनी एररनोची हेडर फाइल घेतली होती त्यांना फक्त पुन्हा कंपाइल करावे लागले. ज्यांनी हेडर टाळून स्वतःच एक्स्टर्न इंट एररनो लिहिले होते त्यांचे प्रोग्राम २.३ या आवृत्तीच्या सुमारास अडले. डॅनियल बर्नस्टाइन यांचे क्यूमेल आणि डीजेबीडीएनएस हे त्यांतले नामांकित. एररनोच्या त्या एका ओळीसाठी लोकांना त्यांच्यावर ठिगळ लावून घ्यावे लागे. मानकाने १९८९ पासूनच सांगून ठेवले होते की एररनो मॅक्रो असेल की व्हेरिएबल, यावर विसंबू नका. विंडोजवर तर प्रत्येक सी रनटाइमचा एररनो वेगळा, आणि एका डीएलएलने रनटाइम स्वतःत जोडून घेतला असेल तर तिथे बसलेली त्रुटी तुमच्या एररनोत दिसणारच नाही.

एररनोने धरलेली वाट, म्हणजे व्हेरिएबल आत ठेवून त्याचा पत्ता देणारे फंक्शन बाहेर ठेवणे, हीच या पुस्तिकेत बहुतेक ठिकाणी सुचवली आहे. दुसरी वाट पायथॉनच्या जगात दिसते. पायथॉन आपली सीमधली मॉड्यूल्स 'लोकल' म्हणून उघडतो, म्हणजे एका मॉड्यूलची नावे दुसऱ्याला दिसू नयेत अशीच सोय. मग नमपायची फंक्शने इतर मॉड्यूल्सना मिळतात कशी? नमपाय त्यांचा एक तक्ता करून त्याचा पॉइंटर कॅप्सूलमध्ये घालून देतो आणि घेणाऱ्याने 'इंपोर्ट-ॲरे' म्हणून तो उचलायचा. गंमत पुढे आहे. घेणाऱ्याकडे हा पॉइंटर ज्या व्हेरिएबलमध्ये राहतो ते आपणहून स्टॅटिक असते, म्हणजे फाइलीगणिक वेगळे. मॉड्यूल दोन फाइलींचे असेल आणि एकीतच इंपोर्ट केले असेल, तर दुसरीतला पॉइंटर रिकामाच, आणि पहिल्याच कॉलला प्रोग्राम कोसळतो. त्यासाठी एक युनिक-सिम्बॉलचा मॅक्रो सगळ्या फाइलींत सारखा लिहायचा असतो. इतकी काळजी घेऊन लायब्रऱ्यांमधला प्रश्न सोडवला, तर तोच प्रश्न घरात फाइलींमध्ये निघाला.

ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे पापच, असे मानणाऱ्यांतला मी नाही. एसटीडीआउट आणि 'एन्व्हायरॉन' यांच्यावाचून सी भाषेचे चालले नसते, आणि एकाच फाइलमधल्या स्टॅटिक ग्लोबलने कुणाचे काही बिघडवल्याचे मला ठाऊक नाही. आक्षेप आहे तो लायब्ररीच्या उंबऱ्याबाहेर लिहिण्यायोग्य व्हेरिएबल ठेवण्याला. ते करायचेच असेल तर त्याची जागा कुणाकडे, पहिली किंमत कोण भरणार आणि माप पुढे बदलणार का, हे हेडर फाइलमध्ये घोषणेच्या वरच लिहून ठेवावे.

पुढच्या प्रकरणांसाठी वाचकाला पॉइंटर नीट यावेत, मेक फाइल वाचता यावी आणि लिनक्सचे एक यंत्र हाताशी असावे, एवढे पुरे. असेंब्ली येत नसली तरी चालेल. जिथे सूचना दाखवल्या आहेत तिथे त्या एकेक करून उलगडल्या आहेत. विंडोजचे प्रकरण शेवटी आहे आणि ते स्वतंत्रपणे वाचता येते. पहिल्या प्रकरणात मोजणीचाच प्रोग्राम घेतला आहे. तो चालवण्याआधी पर्यावरणातल्या 'एलडी-डीबग'ला 'बाइंडिंग्ज' ही किंमत द्या. लोडर प्रत्येक नाव कुणी मागितले आणि कुठल्या फाइलमधले दिले, हे ओळीओळीने छापतो. त्यात मोजणी शोधा. मागणारी लायब्ररी आणि देणारा प्रोग्राम, अशी एक ओळ सापडली पाहिजे. न सापडल्यास जोडणीचे पर्याय तपासून मगच पुढे जा.